जॉब शॉपमध्ये माल नेमका कुठे अडकतो, ते सिम्युलेशनने कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौदा-पंधरा मशीनचं जॉब शॉप आहे, म्हणजे वेगवेगळ्या ऑर्डरींची कामं एकाच ठिकाणी करणारा कारखाना. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग, एक फर्नेस, ग्राइंडिंग आणि शेवटी इन्स्पेक्शन. प्रत्येक जॉबचा रूट वेगळा. मशीनं दिवसभर चालू दिसतात, ओव्हरटाइमही होतो, तरी बऱ्याच ऑर्डरी ड्यू डेट उलटल्यावरच निघतात. ग्राइंडिंगपुढे कायम ढीग असतो, म्हणून दुसरा ग्राइंडर घ्यायचा विचार चालू आहे. त्याआधी सिम्युलेशन, म्हणजे शॉपची संगणकावरची नक्कल, करावं का, कशात करावं, आणि त्यातून कामाचा ओघ खरंच सुधारतो का?

सुधारतो, आणि चांगला सुधारतो. मात्र मॉडेल कशाचं करायचं हे आधी ठरवलं पाहिजे. बहुतेक जण मशीनपासून सुरुवात करतात: सायकल टाइम किती, टूल बदलायला किती वेळ लागतो, स्पीड वाढवला तर काय होईल. जॉब शॉपचं दुखणं सहसा तिथे नसतं. पूर्ण झालेला एखादा जॉब निवडा, त्याच्या कार्डावरच्या सगळ्या ऑपरेशनच्या वेळा जोडा, आणि तो शॉपमध्ये उतरल्यापासून डिस्पॅच होईपर्यंत किती दिवस गेले ते शेजारी लिहा. काही तासांच्या कामाला काही आठवडे लागलेले दिसतील. मधला सगळा काळ तो जॉब रॅकवर, ट्रॉलीवर किंवा इन्स्पेक्शनच्या टेबलावर पडून होता. तेव्हा नक्कल करायची ती या पडून राहण्याची. कुठला जॉब कशासाठी थांबला, किती वेळ थांबला आणि त्याच्या आधी दुसरा का घेतला गेला, एवढं मॉडेलने बरोबर दाखवलं की बाकीचे बारकावे कमी असले तरी चालतं.

रांग का वाढते, हे समजून घेतल्याशिवाय मॉडेलचे आकडे नीट वाचता येत नाहीत. जॉन किंगमन या ब्रिटिश गणितज्ञाने १९६१ मध्ये एका मशीनपुढच्या सरासरी थांबण्याचं एक अंदाजी सूत्र दिलं. त्यात तीन गोष्टींचा गुणाकार आहे: एका कामाला लागणारा सरासरी वेळ, कामं येण्यातल्या आणि होण्यातल्या चढ-उताराचा घटक, आणि लोडचा घटक. लोड म्हणजे मशीनच्या उपलब्ध वेळेपैकी कामात जाणारा भाग, आणि लोडचा घटक म्हणजे लोड भागिले (१ वजा लोड). मशीन ८० टक्के भरलेलं असेल तर तो ४ येतो, ९० टक्क्यांना ९, आणि ९५ टक्क्यांना १९. चढ-उताराचा घटक १ धरला, तर एका तासाच्या कामासाठी जॉबला सरासरी ४, ९ किंवा १९ तास रांगेत काढावे लागतात. ९० वरून ९५ वर जाताना मशीनकडून थोडंसंच जास्त काम मिळतं आणि रांग दुपटीहून अधिक होते. त्यामुळे मशीनं सतत चालू असणं आणि माल उशिरा निघणं यांत काहीच विसंगती नाही. पहिलीतूनच दुसरी गोष्ट निघते. याच सूत्राची दुसरी बाजू जास्त उपयोगाची आहे: लोड तेवढाच ठेवून चढ-उताराचा घटक निम्मा केला, तर थांबणंही निम्मं होतं. मशीन न घेता करता येण्यासारखं बरंचसं काम या दुसऱ्या बाजूला असतं.

मग सूत्रानेच का भागवू नये? कारण ते एका मशीनचं आहे. तुमच्याकडे एका मशीनची उठलेली लाट दुसऱ्यावर जाते, एकच ऑपरेटर दोन मशीन सांभाळतो, फर्नेस भरेपर्यंत वाट पाहते, मध्येच अर्जंट जॉब घुसतो. हे सगळं एकत्र आलं की सूत्रं हात टेकतात.

दुसरा प्रश्न नेहमी येतो तो असा की संगणकाकडून थेट सर्वोत्तम शेड्यूलच का काढून घेऊ नये. दहा जॉब आणि दहा मशीन घेतली, तर प्रत्येक मशीनवर जॉब लावण्याचे क्रम धरून शक्यता होतात सुमारे ४ वर ६५ शून्यं इतक्या. फिशर आणि थॉम्प्सन यांनी १९६३ मध्ये मांडलेला दहा बाय दहाचा एक नमुना प्रश्न या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्याचं सर्वोत्तम उत्तर, म्हणजे सगळे जॉब संपायला लागणारा कमीत कमी वेळ, ९३० एकक आहे हे कार्लिए आणि पिन्सों यांनी १९८९ मध्ये सिद्ध केलं. फक्त शंभर ऑपरेशनचा प्रश्न, आणि मध्ये पंचवीसहून जास्त वर्षं गेली. आजचे सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारे प्रोग्राम, कितीतरी पुढे गेले आहेत, पण तुमच्या शॉपमध्ये सकाळी काढलेलं शेड्यूल दुपारी एक मशीन बंद पडलं किंवा एक कास्टिंग रिजेक्ट झालं की जुनं होतं. सिम्युलेशन सर्वोत्तम शेड्यूल देण्याचा दावा करत नाही. ते दोन-चार कार्यपद्धती एकाच परिस्थितीत चालवून दाखवतं, आणि कुठली पद्धत गडबडीतही टिकते ते सांगतं. जॉब शॉपला नेमकं तेच हवं असतं.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक हिशोब कागदावर करा. जॉन लिटल यांनी, तेही १९६१ मध्येच, सिद्ध केलेला नियम आहे: आत असलेले सरासरी जॉब म्हणजे बाहेर पडण्याचा दर गुणिले एका जॉबचा आतला सरासरी काळ. समजा फ्लोअरवर १२० जॉब आहेत आणि दिवसाला सरासरी ६ निघतात. तर प्रत्येक जॉब सरासरी २० कामाचे दिवस आत राहतो. या हिशोबाला वेळांच्या वितरणाची (कुठली वेळ किती वेळा येते, त्याच्या मांडणीची) किंवा मशीनच्या माहितीची गरज नाही. ग्राहकाला बारा दिवसांचा वायदा केला जात असेल, तर उशीर कुठून येतो हे इथेच दिसलं. पुढे हाच नियम मॉडेल तपासायलाही वापरायचा. मॉडेलमधले सरासरी जॉब, दर आणि काळ यांचा मेळ बसला नाही, तर मोजणीतच गडबड आहे.

आता माहिती गोळा करण्याबद्दल. इथे घाई करू नका, कारण जॉब शॉपचं मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. जॉब कार्डावर किंवा ईआरपीमध्ये (कारखान्याच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये) सुरू आणि पूर्ण अशा वेळा असतात, पण त्या कधी भरल्या गेल्या ते बघा. शिफ्ट संपताना सगळ्या नोंदी एकदम भरण्याची सवय असेल, तर त्या वेळांना काही अर्थ नाही. दहा मिनिटांत पाच ऑपरेशनं पूर्ण झालेली दिसली की ओळखायचं. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. एक ऑपरेशन पूर्ण झाल्यापासून पुढचं पूर्ण होईपर्यंतचा सगळा काळ म्हणजे ऑपरेशनची वेळ, असं धरून तो मॉडेलमध्ये घातला जातो. त्या काळात रांग आधीच मिसळलेली असते. मॉडेल त्यावर आपली रांग चढवतं आणि थांबणं दोनदा मोजलं जातं. म्हणून सेटिंगची (मशीन नव्या जॉबसाठी जुळवण्याची) वेळ, प्रति नग वेळ आणि थांबण्याची वेळ या तीन गोष्टी वेगळ्या काढा. नोंदीतून निघत नसतील तर महत्त्वाच्या तीन-चार मशीनवर प्रत्यक्ष उभं राहून मोजा. सगळ्या मशीनची अचूक माहिती लागत नाही. रिकामं राहणाऱ्या ड्रिलिंग मशीनची वेळ वीस टक्क्यांनी चुकली तरी फारसा फरक पडत नाही. ग्राइंडरची पाच टक्क्यांनी चुकली तर उत्तर बदलतं.

वेळेसाठी एकच सरासरी आकडा घालू नका. सरासरीने चालणाऱ्या मॉडेलमध्ये रांगा प्रत्यक्षापेक्षा फार लहान येतात आणि सगळं छान दिसतं. हाताने होणाऱ्या कामाच्या वेळा साधारणपणे एका बाजूला लांब शेपूट असलेल्या असतात, तिथे लॉगनॉर्मल किंवा गॅमा वितरण बसतं. नोंदीच नसतील तर ऑपरेटरला कमीत कमी, नेहमीची आणि जास्तीत जास्त अशा तीन वेळा विचारून त्रिकोणी वितरण घ्या. सीएनसीचा (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचा) कटिंग टाइम मात्र जवळजवळ स्थिर असतो. तिथला चढ-उतार सेटिंगमध्ये, टूल शोधण्यात आणि पहिला नग पास होण्यात असतो.

पहिला नग पास होणं हा मुद्दा मी मुद्दाम काढला, कारण शिकाऊ मॉडेलमध्ये तो हमखास सुटतो. सेटिंग झालं, पहिला नग काढला, तो इन्स्पेक्टरकडे गेला, आणि तोवर मशीन थांबलं. इन्स्पेक्टर दुसऱ्या कामात असेल तर अर्धा-पाऊण तास सहज जातो. रिपोर्टमध्ये हे सगळं सेटिंगच्या नावावर लागतं आणि खरा अडथळा इन्स्पेक्शनचा आहे हे कळत नाही. असेच इतर छुपे अडथळे असतात: सेटिंग करू शकणारा एकच माणूस, एकच फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारं साधन) दोन जॉबना लागणारं, जड जॉब उचलायला एकच क्रेन, मापं तपासायचं ठरावीक गेज. जॉब शॉपमध्ये काम पुढे सरकायला मशीन, माणूस, टूल आणि माल हे चौघं एकाच वेळी जागेवर असावे लागतात. मॉडेलमध्ये फक्त मशीन घातलं तर ते प्रत्यक्षापेक्षा फारच वेगाने पळतं. तुमचं पहिलं मॉडेल खऱ्या शॉपच्या दुप्पट वेगाने माल काढत असेल, तर आधी माणसं मोजा.

बिघाडाबद्दलही एक गोष्ट नीट पाहा. दोन मशीनं आहेत. एक सरासरी ९ तास चालतं आणि १ तास बंद राहतं. दुसरं ९० तास चालतं आणि १० तास बंद. दोघांची उपलब्धता ९० टक्केच. कागदावर सारखी दिसणारी ही दोन मशीनं रांगेच्या दृष्टीने फार वेगळी आहेत. दहा तासांच्या बंदमध्ये साचलेला माल पुढच्या मशीनवर एकदम जाऊन आदळतो, आणि तोवर ती मशीनं रिकामी बसलेली असतात. त्यामुळे उपलब्धतेची टक्केवारी घालून मोकळं होऊ नका. दोन बिघाडांमधला काळ आणि दुरुस्तीला लागणारा काळ वेगवेगळा घाला. आणि बिघाडाचं घड्याळ मशीन चालू असतानाच पुढे सरकतं की रिकामं असतानाही, तेही ठरवा. बहुतेक यांत्रिक बिघाड चालण्याच्या तासांवर येतात.

रीवर्कही विसरू नका. नापास झालेला जॉब बहुधा आधीच्या एखाद्या मशीनवर परत जातो, आणि त्याला पुढे घुसवलं जातं. लहानसा टक्का असला तरी ज्या मशीनवर तो परततो त्याचा लोड त्यामुळे वाढतो. बाहेर प्रोसेसला जाणारा माल मात्र साध्या विलंबाने दाखवला तरी पुरतो, तिथे खोलात जाऊ नका.

मॉडेल बांधायची पद्धत घटनाधारित ठेवा. म्हणजे घड्याळ दर मिनिटाला पुढे सरकत नाही. जॉब आला, ऑपरेशन संपलं, मशीन बिघडलं, शिफ्ट सुटली, अशा घटनांवरून ते उड्या मारत जातं. प्रत्येक जॉबबरोबर त्याचा रूट, नगसंख्या, ड्यू डेट आणि उरलेलं काम ही माहिती फिरली पाहिजे. मशीन मोकळं झालं की रांगेतून पुढचा जॉब निवडण्याचा नियम वेगळ्या ठिकाणी लिहा, कारण सगळ्यात जास्त वेळा तोच बदलून पाहायचा असतो. मशीनपुढे जागा मर्यादित ठेवली असेल तर एक सावधगिरी घ्या. लेथवरून मिलिंगला जाणारा जॉब आणि मिलिंगवरून लेथला येणारा जॉब एकमेकांच्या जागेची वाट पाहत अडकू शकतात. जॉब शॉपमध्ये रूट उलटसुलट असल्यामुळे हे सहज घडतं, आणि मॉडेल एरर न देता गप्प उभं राहतं. एका क्षणानंतर एकही जॉब बाहेर पडलेला नसेल तर हेच कारण शोधा.

सॉफ्टवेअरची निवड ही यातली सगळ्यात सोपी पायरी. पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा येत असेल तर तिच्यातलं सिमपाय फुकट आहे आणि पंधरा मशीनला भरपूर आहे. चित्र हलताना दिसायला हवं असेल तर जामसिम मुक्त-स्रोत आहे. अरिना, सिमिओ, फ्लेक्ससिम, एनीलॉजिक, प्लांट सिम्युलेशन ही व्यावसायिक साधनं आहेत. त्यांत लायब्ररी तयार मिळते आणि व्यवस्थापनाला दाखवायला बरं पडतं. या तंत्राचा जॉब शॉपशी जुना संबंध आहे. पुढे १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हॅरी मार्कोविट्झ आधी जनरल इलेक्ट्रिकमध्ये कारखान्यांची सिम्युलेशन मॉडेल करत होते. प्रत्येक शॉपसाठी नव्याने प्रोग्राम लिहिण्याचा खटाटोप कमी व्हावा म्हणून त्यांनी रँड या अमेरिकी संशोधन संस्थेत सिमस्क्रिप्ट ही भाषा घडवली. एक्सेलमध्ये मात्र करू नका. दोन-तीन मशीनच्या पुढे तर्क सांभाळणं अशक्य होतं.

मॉडेल बांधून झालं की लगेच प्रयोगांकडे वळू नका. आधी गेल्या तीन-चार महिन्यांच्या खऱ्या ऑर्डरी, खऱ्या तारखांसकट, त्यात सोडा. मॉडेलमधून किती जॉब कधी बाहेर पडले ते प्रत्यक्षाशी ताडा. फक्त सरासरी जुळणं पुरेसं नाही. आतल्या काळाचा पसारा, प्रत्येक मशीनपुढची रांग आणि उशिरा निघालेल्या जॉबचा टक्का, तिन्ही जवळपास यायला हवेत. यानंतरची चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. मॉडेलमधल्या एका जॉबचा पूर्ण प्रवास वेळेसकट कागदावर काढा आणि फ्लोअरवरच्या सुपरवायझरला वाचायला द्या. खऱ्या शिफ्टचे आणि मॉडेलच्या शिफ्टचे रिपोर्ट मिसळूनही देता येतात. कुठले खोटे आहेत आणि कशावरून ओळखले, हे त्यांना विचारा. "इतका वेळ आमचं मिलिंग रिकामं बसतच नाही" किंवा "हा जॉब फर्नेसला एकटा कधी जाणार नाही, त्याची जोडी लागते" अशी जी वाक्यं येतात, ती सोन्याच्या मोलाची. अशा नियमांची नोंद कुठल्याही सिस्टिममध्ये नसते, ते माणसांच्या डोक्यात असतात. शिवाय ज्यांनी मॉडेल दुरुस्त केलं, ते त्याच्या निष्कर्षावर विश्वास ठेवतात. नाहीतर रिपोर्ट कपाटात जातो.

प्रयोग चालवताना दोन तांत्रिक पथ्यं पाळा. पहिलं, मॉडेल रिकाम्या शॉपपासून सुरू होत असेल तर सुरुवातीचे दिवस खोटे असतात, कारण रांगा भरायच्या असतात. तो काळ मोजणीतून वगळा, किंवा आज फ्लोअरवर जे जॉब जिथे आहेत तिथूनच सुरुवात करा. दुसरं, एका रनवर कधीही निर्णय घेऊ नका. समजा १० रन घेतले, आतला सरासरी काळ १४.२ दिवस आला आणि रनमधलं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १.६ आहे. तर ९५ टक्के विश्वासाने खरी सरासरी १३.१ ते १५.३ च्या दरम्यान आहे. आता दुसऱ्या पद्धतीने १३.६ आले. तो आकडा याच पट्ट्यात बसतो, म्हणजे सुधारणा झाली असं यावरून म्हणता येत नाही. पण दोन्ही पद्धतींना प्रत्येक रनमध्ये तेच यादृच्छिक (रँडम) आकडे दिले, म्हणजे तेच जॉब, तेच बिघाड, त्याच वेळा, तर जोडीजोडीने फरक काढता येतो. त्या फरकाची सरासरी ०.६ आणि विचलन ०.५ असेल, तर फरक ०.२४ ते ०.९६ दिवस इतका आहे आणि तो खरा आहे. एवढी एक युक्ती वापरली की कमी रनमध्येही स्पष्ट उत्तर मिळतं.

आता सुधारणा. माझा क्रम ठरलेला आहे: आधी जॉब सोडण्याची पद्धत, मग लॉटचा आकार, मग रांगेतला क्रम, आणि सगळ्यात शेवटी मशीन. लोक नेमक्या उलट्या क्रमाने जातात.

जॉब सोडणं म्हणजे ऑर्डर आली की लगेच फ्लोअरवर उतरवायची की थांबवून. वर १२० जॉबचं उदाहरण घेतलं. त्या शॉपमध्ये एका जॉबचं निव्वळ काम अडीच दिवसांचं असेल आणि दिवसाला ६ निघत असतील, तर चढ-उतार अजिबात नसलेल्या आदर्श स्थितीत १५ जॉब पुरले असते. प्रत्यक्षात चढ-उतार असतो, म्हणून त्याच्या काही पट लागतात. किती पट, हे मॉडेल सांगतं. आत एका वेळी जास्तीत जास्त ३०, ४०, ५० असे जॉब ठेवून रन घ्या आणि दिवसाला किती निघतात त्याचा आलेख काढा. आलेख आधी चढतो आणि मग सपाट होतो. सपाट भागात वाढवलेला प्रत्येक जॉब उत्पादन वाढवत नाही, फक्त गर्दी वाढवतो. त्या सपाटीच्या थोडं पुढे मर्यादा ठेवा. बाहेर पडणाऱ्या जॉबएवढेच नवे आत घेणारी ही पद्धत कॉनविप नावाने ओळखली जाते आणि १९९० पासून तिच्यावर बराच अभ्यास झाला आहे. जॉब शॉपमध्ये मिश्रण बदलतं, त्यामुळे जॉबची संख्या मोजण्यापेक्षा अडचणीच्या मशीनवर येऊ घातलेल्या कामाचे तास मोजून मर्यादा घातली तर जास्त बरं. एक प्रामाणिकपणा इथे हवा: ऑर्डर ऑफिसात थांबली तो काळही मोजा. फ्लोअरवरचा काळ निम्मा झाला आणि ऑफिसातला तेवढाच वाढला तर ग्राहकाला काहीच मिळालं नाही. तरी फायदा राहतो. न उतरवलेला जॉब बदलता येतो, रद्द करता येतो, आणि फ्लोअरवर शोधाशोध कमी होते.

लॉटच्या आकारात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एका सेटिंगवर किती नग करायचे हा एक लॉट, आणि पुढच्या मशीनकडे एका वेळी किती न्यायचे हा दुसरा. ६० नगांचा जॉब, चार ऑपरेशनं, प्रत्येकी २ मिनिटं प्रति नग. सगळे ६० झाल्यावरच पुढे न्यायचे तर सेटिंग आणि रांग सोडून ८ तास. दहा-दहा नग पुढे सरकवत गेलात तर ३ तास. सेटिंग एकही वाढलेलं नाही, फक्त ट्रॉलीच्या फेऱ्या वाढल्या. सेटिंगचा लॉट लहान करताना मात्र सांभाळा. एका मशीनवर दिवसाला १८० नग, २ मिनिटं प्रति नग, सेटिंग ४० मिनिटं, आणि दोन शिफ्ट मिळून ९६० मिनिटं. लॉट ६० चा असेल तर ४८० मिनिटं लागतात, म्हणजे लोड ५० टक्के. लॉट २० चा केला तर ७२० मिनिटं, ७५ टक्के. लॉट १० चा केला तर १०८० मिनिटं, जे दिवसात मावतच नाही. मधे कुठेतरी थांबणं सर्वांत कमी होतं, आणि तो बिंदू शोधायला सिम्युलेशन फार उपयोगी आहे. सेटिंगची वेळ खाली आणली की तो बिंदू लहान लॉटकडे सरकतो.

रांगेतल्या क्रमाचे नियम सगळ्यांना आवडतात, पण त्यांचा परिणाम वरच्या दोन गोष्टींपेक्षा कमी असतो. आत गर्दीच नसेल तर निवडायला फारसं काही उरत नाही. तरी एक उदाहरण. ८, ३, ५ आणि १ तासाचे जॉब या क्रमाने आले. आलेल्या क्रमाने केले तर ते ८, ११, १६ आणि १७ व्या तासाला संपतात, सरासरी १३. लहान आधी केले तर १, ४, ९ आणि १७, सरासरी ७.७५. मशीनने काम तेवढंच केलं. पण ८ तासांचा जॉब ८ ऐवजी १७ व्या तासाला गेला. सतत लहान जॉब येत राहिले तर मोठ्याचा नंबर लागतच नाही, म्हणून ठरावीक वेळ थांबलेला जॉब आपोआप पुढे येईल अशी अट जोडा. लोड हलका असेल तर ड्यू डेटवर चालणारे नियम चांगले निघतात. गर्दी खूप असली की त्यांचं बिघडतं, कारण सगळेच जॉब उशिरा झालेले असतात आणि नियम त्यातल्या सर्वांत उशिराच्या मागे धावतो. अर्जंटचा शिक्का मात्र स्वतंत्रपणे तपासा. मॉडेलमध्ये अर्जंट जॉबचा टक्का वाढवत न्या आणि साध्या जॉबचं काय होतं ते पाहा. सेटिंग मोडून अर्जंट घेतला जात असेल तर नुकसान कितीतरी वाढतं, आणि काही टक्क्यांनंतर अर्जंट जॉबही वेळेवर निघेनासे होतात.

आता ग्राइंडर. ग्राइंडिंगपुढे ढीग आहे म्हणजे ग्राइंडर कमी पडतो, असं लगेच धरू नका. बऱ्याच रूटमध्ये ग्राइंडिंगच्या आधी फर्नेस असते. समजा फर्नेसपाशी तासाला एक जॉब येतो, ती १६ जॉब साठल्यावर लावली जाते आणि एका खेपेला ६ तास घेते. १६ जॉब एकदम बाहेर पडतात. ग्राइंडरला प्रत्येकी ४५ मिनिटं लागतात, म्हणजे १६ तासांत १२ तासांचं काम, लोड ७५ टक्के. ग्राइंडर पूर्ण रिकामा असतानाही या १६ जॉबचं सरासरी थांबणं साडेपाच तासांहून थोडं जास्त येतं आणि शेवटचा सव्वाअकरा तास थांबतो. दिवसा तिथून जाणारा माणूस नेहमी ढीगच पाहतो. दुसरा ग्राइंडर घेतला तर सरासरी थांबणं सुमारे अडीच तासांवर येतं. आणि ग्राइंडर एकच ठेवून फर्नेसला ८ जॉब झाल्यावर लावलं, तरी ते तेवढंच, सुमारे अडीच तासांवर येतं. शिवाय फर्नेसपाशी साठण्याची सरासरी वाटही साडेसात तासांवरून साडेतीनवर येते, जे ग्राइंडर घेऊन झालंच नसतं. फर्नेसचा लोड मात्र सुमारे ३८ वरून ७५ टक्क्यांवर जातो आणि इंधन वाढतं.

हे आकडे समजण्यासाठी सरळ ठेवले आहेत. तुमच्याकडे जॉब इतके शिस्तीत येणार नाहीत, दोन वेगळ्या तापमानांचे जॉब एकत्र लावता येणार नाहीत, आणि अर्धी भरलेली फर्नेस लावायला कुणी तयार नसेल. म्हणून मॉडेलमध्ये सर्वांत आधी फर्नेसचे नियम घाला: कुठले जॉब एकत्र चालतात, कमीत कमी किती भरली तर लावतात, जास्तीत जास्त किती वेळ वाट पाहतात. मग त्याच यादृच्छिक आकड्यांवर चार रनमालिका घ्या: आहे तसं, दुसरा ग्राइंडर, फर्नेसच्या लहान खेपा, आणि आत येणाऱ्या कामावर मर्यादा. प्रत्येकीत ग्राइंडिंगपुढची रांग पाहाच, पण ती कमी झाल्यावर कुठे सरकली तेही पाहा. बऱ्याचदा ती इन्स्पेक्शनपुढे जाऊन उभी राहते. तसं झालं तर पाचवी मालिका इन्स्पेक्शनला आणखी एक माणूस देऊन घ्या, आणि मगच ग्राइंडरचं कोटेशन मागवा.